धनी स्वतः नाक्यावर गेला

सामान्य काळातील पंचविसावा रविवार (वर्ष अ)
पहिले वाचन : यशया ५५:६-९
दुसरे वाचन : फिलिप्पैकरांस पत्र १:२०-२४, २७
शुभवर्तमान : मत्तय २०:१-१६



प्रभू येशूने सांगितलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण आज ऐकला. हा दाखला समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही. केजच्या चौकात सकाळी डबा हातात घेऊन कामाची वाट पाहणारी माणसे आपण रोज पाहतो. दसरा जवळ आला की आपल्या तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर एकच बोलणे असते : यंदा कोण कोणत्या कारखान्याला जाणार, कोणी किती उचल घेतली, कोणत्या मुकादमाकडे किती कोयते भरले. आपल्या धर्मग्रामातीलही काही कुटुंबे थोड्याच दिवसांत ट्रकमध्ये भांडीकुंडी भरून निघतील. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाईल, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. म्हणून हा दाखला आज आपल्याच वेशीत घडतो आहे, असे समजून वाचू या.

दाखल्यातला धनी

या दाखल्यावर प्रवचन करताना आपण बहुधा शेवटाकडे लक्ष देतो. तासभर राबलेल्याला दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी मिळाली, ही देवाची उदारता. ते खरेच आहे. पण सुरुवातीच्या ओळींतही पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट. धनी पहाटे स्वतः बाहेर पडतो. त्याच्याकडे कारभारी आहे, हे आपल्याला संध्याकाळी कळते. मजूर आणायला तो त्याला पाठवू शकला असता. पण सकाळी, नऊला, दुपारी, तीनला आणि पाचला अशा पाच वेळा तो स्वतः बाजारात जातो आणि रिकाम्या उभ्या माणसांशी स्वतः बोलतो. आपल्या मळ्यात कोण राबणार आहे, त्याचे तोंड त्याने पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट. काम सुरू होण्याआधी मजुरी ठरते. दिवसाला एक दीनार. ठरते ती चारचौघांत, दोन्ही बाजूंना मान्य होऊन. संध्याकाळी पहिले मजूर कुरकुर करतात तेव्हा धनी याच ठरावाकडे बोट दाखवतो. मजूरही 'ठरले वेगळे होते' असे म्हणत नाहीत. हिशेब उघडा असला, की भांडणातही खोटे बोलायला जागा उरत नाही.

तिसरी गोष्ट. मजुरी संध्याकाळी मिळते, त्याच दिवशी. अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात देवाने इस्राएलला हीच आज्ञा केली आहे : गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. मजूर आपल्या जातभाईंपैकी असो की परका, आज्ञा एकच. पैसे कारभारी वाटतो, पण धनी तेथे हजर आहे. मजुराला उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा धनी स्वतः उत्तर देतो. 'तो तुमचा आणि कारभाऱ्याचा प्रश्न' असे म्हणून तो हात झटकत नाही.

आपल्याकडची साखळी

आता आपल्याकडे काय चालते ते पाहू. ऊस तोडायचा असतो कारखान्यासाठी. पण कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा करार होतो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हातात बहुधा कागद नसतो. पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे येतो, तेथून मुकादमाकडे आणि शेवटी त्या जोडीकडे. तोही बराचसा आधीच, उचल म्हणून. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, लेकीचे लग्न तोंडावर असते किंवा दवाखान्याचे बिल द्यायचे असते, तेव्हा ती उचल घेतली जाते. मग पाच-सहा महिने टनावर ती फेडायची. एक दिवस आजारी पडले तरी खाडा मांडला जातो. पट्टा पडला आणि हिशेब झाला, की अनेकांच्या अंगावर पैसे फिरलेलेच असतात. ते पुढच्या हंगामाच्या नावावर जातात. वजन काट्यावर झाले, स्लिप मुकादमाकडे गेली आणि हिशेब मुकादमाच्या वहीत राहिला. ज्याने मोळी डोक्यावर वाहिली, त्याने ती वही पाहिलेलीच नसते.

बाईचे नाव तर त्या वहीत नसतेच. ती पहाटे उठून कोपीत स्वयंपाक करते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, ट्रक भरते, आणि तिची मजुरी नवऱ्याच्या कोयत्यात मोजली जाते. जून २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळात सांगितले गेले, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढली गेली. त्या सर्वच ऊसतोड करणाऱ्या नव्हत्या. पण खाड्याची धास्ती, पाळीच्या दिवसांतही न मिळणारी विश्रांती, फडात न्हाणीघर नाही की शौचालय नाही, या गोष्टी तेव्हा सगळ्या देशाने ऐकल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पुढे २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या हालअपेष्टांची स्वतःहून दखल घेतली. आपल्या आयाबहिणींचे दुखणे न्यायालयापर्यंत पोहोचले, पण आपल्या प्रार्थनेत ते किती वेळा आले, हे प्रत्येकाने मनाशी विचारावे.

येथे मुकादमाला एकट्याला दोषी ठरवून आपण मोकळे होऊ नये. मुकादमही बहुधा कालचा तोडणारा असतो. त्यानेही उचल घेतलेली असते. टोळीतून दोन कोयते पळाले, तर वाहतूकदार त्याच्या दारात बसतो. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याच कारखान्याला जाणारी माणसेही आपल्यात आहेत, हे नाकारून चालणार नाही. गाडीसाठी कर्ज काढून उचल वाटलेला आणि टोळीच न आल्याने बुडालेला वाहतूकदारही आपण पाहिला आहे. सगळे तोंडी आणि अंधारात असले, की या साखळीतला प्रत्येक जण आपल्या पुढच्याला फसवतो आणि मागच्याकडून फसतो. सर्वांत खालचा मात्र फक्त फसतो.

परवाना कशाला लागतो, कशाला नाही

बंधू-भगिनींनो, थोडा विचार करा. कारखान्याला प्रत्येक हंगामात साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो, त्याशिवाय उसाचे एक कांडे गाळता येत नाही. ट्रकला परवाना लागतो, चालकाला लागतो. वजनकाट्याची तपासणी होते. आणि जो माणूस वीस-तीस माणसे, त्यांची लेकरे, कधी पोटुशी बाई, अशी आपल्या शब्दावर तीनशे किलोमीटर दूर घेऊन जातो, त्याच्याकडे काय असते? एक वही आणि एक मोबाईल.

कायदा अगदीच नव्हता असे नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने वीस किंवा अधिक कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराला परवाना सक्तीचा केला होता. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी, असेही त्यात होते. महाराष्ट्राने नंतर वीसची मर्यादा पन्नास केली. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात परराज्यात नेल्या जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक द्यायचे होते. आपल्या जिल्ह्यातून कर्नाटकात गेलेल्यांपैकी किती जणांनी ते पासबुक कधी हातात धरले? हे दोन्ही कायदे आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले गेले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ मालकाची जबाबदारी तिनेही ठेवली आहे. पण ठेकेदाराच्या परवान्यासाठी आकडा पन्नासचाच आहे.

आता आपल्या टोळीचा हिशेब करा. दहा कोयते म्हणजे वीस माणसे. पंधरा कोयते म्हणजे तीस. आपल्याकडच्या बहुतेक टोळ्या पन्नासच्या आतच बसतात. म्हणजे कायद्याच्या चाळणीतून आपलीच माणसे खाली गळतात. आणि केजचा माणूस कोल्हापूरला गेला तर राज्याची हद्द ओलांडली जात नाही, म्हणून आंतरराज्य तरतुदीही त्याच्या कामी येत नाहीत. घर मात्र तेवढेच दूर राहते.

असे असावेच लागते, असे मुळीच नाही. १८८९ मध्ये लंडनच्या गोदीत रोज सकाळी फाटकासमोर मजुरांची झुंबड उडे. कोणाला तासा-दोन तासांचे काम मिळे, बाकीचे उपाशी परत जात. त्यांनी संप केला तेव्हा वृद्ध कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीसाठी स्वतः मालकांकडे आणि मजुरांकडे गेले. आपल्या देशात १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांचा लढा होता. त्यात मालकाचीही नोंद, हमालाचीही नोंद आणि मजुरी मंडळामार्फत. काल टोळीवाल्याच्या मर्जीवर जगणारा हमाल नोंदीतला कामगार झाला. डोक्यावर गोणी वाहणाऱ्याला जे मिळू शकले, ते डोक्यावर मोळी वाहणाऱ्याला का मिळू नये?

ख्रिस्तसभा काय शिकवते

राजकारणाच्या गोष्टी देवळात कशाला, असे कोणाला वाटेल. पण पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले ते कामगारांविषयीच होते. मजुरी केवळ दोघांच्या संमतीने ठरली म्हणून न्याय्य होत नाही, असे त्यांनी शिकवले. गरजेपोटी माणूस कशालाही हो म्हणतो. तो 'हो' मोकळ्या मनाचा नसतो. पावसाळ्यात रिकाम्या डब्यासमोर घेतलेल्या उचलीचा 'हो' आठवा म्हणजे हे शब्द समजतील. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले ते याच लिओंची आठवण ठेवून.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. मालक दोन प्रकारचे असतात, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष. ज्याच्याशी कामगाराचा करार होतो, तो प्रत्यक्ष मालक. पण तो करार कसा होईल हे ज्यांच्यामुळे ठरते, ते सारे अप्रत्यक्ष मालक, आणि त्यांत शासन प्रथम येते. त्यांचीही जबाबदारी खरी आहे. म्हणजे 'मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत' असे कारखान्याला म्हणता येत नाही. आणि आपण, जे रोज चहात साखर घालतो, तेही या साखळीच्या अगदी बाहेर नाही.

याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, एक भयंकर विचार आहे. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. मजूर गप्प राहिला, तरी मजुरी गप्प राहत नाही. यशया संदेष्टा आज म्हणतो की देवाचे विचार आपल्या विचारांहून उंच आहेत. आपला विचार म्हणतो : आतापर्यंत असेच चालले, पुढेही चालेल. देवाचा विचार पाचव्यांदा नाक्यावर जातो आणि विचारतो : तुम्ही दिवसभर येथे रिकामे का उभे आहात?

त्या पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्यांचे उत्तर लक्षात घ्या. आम्हाला कोणी कामाला लावले नाही, असे ते म्हणतात. आपल्याकडे असे कोण मागे राहते? विधवा बाई, जिला अर्धा कोयता म्हणून कोणी टोळीत घेत नाही. पाठ गेलेला म्हातारा. दिवस भरत आलेली सून. धन्याने त्यांनाही पूर्ण दीनार दिला, कारण घरची चूल तासांवर पेटत नाही. आणि जे आधी आले ते कुरकुरले. आपण पुष्कळदा त्या कुरकुरणाऱ्यांत असतो : ओळखपत्र तिला कशाला, योजना त्याला कशाला.

निघण्याआधी

देवाच्या राज्याच्या गोष्टी ऐकून घरी जाणे पुरेसे नाही. हंगामाला निघण्याआधी आपल्या हातात जे आहे, ते करू या.

१. उचल घेताना कागद करा. तारीख, रक्कम, कारखान्याचे नाव, टनाचा दर, किती कोयते, खाड्याचे काय, हे साध्या वहीच्या पानावर लिहा. दोन प्रती करा, दोघांच्या सह्या करा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर मिस्सानंतर येथे या, आपल्यातली शिकलेली मुले वाचून दाखवतील. टनाचा दर माहीत असू द्या. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती आणि मुकादमाचे कमिशनही १ टक्क्याने वाढले होते. ठरलेले आपल्यापर्यंत पोहोचले की नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

२. गावात नोंद करा. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकांनी ओळखपत्र द्यावे, असे शासनाने २०२१ मध्ये ठरवले आहे. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे ओळखपत्र मागा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी प्रत्येक टन गाळपामागे कारखान्यांकडून १० रुपये घ्यायचे ठरले आहे. ती रक्कम तुमच्या घामाची आहे. पण ज्याची नोंद नाही, त्याला ती कोण देणार?

३. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. गावातून माणसे नेणाऱ्या प्रत्येक मुकादमाने निघण्याआधी आपले नाव, कारखान्याचे नाव आणि नेलेल्या स्त्री-पुरुष-मुलांची यादी ग्रामपंचायतीत द्यावी, असा ठराव मांडा. कायद्याने पन्नासच्या खाली सोडून दिलेले काम गावाला आपल्या पातळीवर सुरू करता येईल. तो परवाना होणार नाही. पण फडात काही बरेवाईट झाले, तर कोण कोठे आहे हे निदान गावाला माहीत असेल.

४. आपल्यातल्या मुकादम बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही दाखल्यातले कारभारी आहात. तुमची वही उघडी ठेवा. दर पंधरवड्याला टोळीला बसवून हिशेब वाचून दाखवा. बाळंतीण बाईचा खाडा मांडू नका. उचलीपोटी कोणाला डांबून ठेवणे हा १९७६ पासून गुन्हा आहे, आणि देवापुढे तो त्याआधीपासूनच पाप आहे. जो मुकादम हे करील, त्याची टोळी फुटणार नाही, असा माझा विश्वास आहे.

५. मुलांना शक्यतो मागे ठेवा. शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी आत्ताच करा. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत त्यांच्या लेकरांना दोन घास आणि संध्याकाळचा अभ्यास देणे, हे मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांचे काम आहे.

६. बहिणींनो, पोटाच्या दुखण्यावर कोणी लगेच पिशवी काढायला सांगितली, तर घाई करू नका. केजच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसऱ्यांदा दाखवा.

७. आणि आपल्यापैकी जे चौकातून मजूर आणतात, घराच्या स्लॅबला, सोयाबीनच्या काढणीला, त्यांनी सकाळीच मजुरी ठरवावी आणि दिवस मावळायच्या आत हातावर ठेवावी. उद्या ये, असे म्हणू नये.

निघणाऱ्या कुटुंबांची नावे आणि ती कोठे जाणार आहेत, हे आपण देवळातल्या एका वहीत लिहून ठेवू. दर रविवारी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ती नावे घेऊ. नाताळला ही माणसे आपल्यात नसतात. ती रात्र ती पाचटाच्या कोपीत काढतात. ज्याला धर्मशाळेत जागा मिळाली नाही, त्या बाळाच्या ती आपल्यापेक्षा जवळ असतात. पण त्यांना आपण विसरलो नाही हे कळावे, म्हणून त्यांचा पत्ता आपल्याजवळ असला पाहिजे. कोठल्या फडाजवळ देऊळ आहे, तेथले धर्मगुरू कोण, हे शोधून कळवण्याचे काम मी घेतो.

प्रार्थना करू या

हे प्रभू, द्राक्षमळ्याच्या धन्या, तू माणसांना शोधत स्वतः बाजारात आलास. नाझरेथच्या सुताराच्या घरी तू घामाची भाकर खाल्लीस. आमच्या हंगामी भावा-बहिणींबरोबर तू ट्रकमध्ये बस, फडात उभा राहा, कोपीत वस्तीला राहा. त्यांच्या कोयत्याला धार दे आणि त्यांच्या अंगाला इजा होऊ देऊ नकोस. ज्यांच्या हाती हिशेब आहे त्यांना सरळ मन दे. ज्यांच्या हाती कायदा आहे त्यांना खाली पाहण्याची दृष्टी दे. आणि मागे राहणाऱ्या आम्हाला कुरकुरण्याऐवजी आनंद करायला शिकव, म्हणजे शेवटच्यालाही पूर्ण मजुरी मिळाली की आमचेच पोट भरल्यासारखे आम्हाला वाटेल. संत योसेफा, कामगारांच्या आश्रयदात्या, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू